पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२

भारतातील प्राचीन मूर्ती, चित्रे, नाणी, हस्तलिखिते इत्यादींची चोरटी निर्यात रोखणारा व देशांतर्गत खरेदी-विक्रीचे नियमन करणारा केंद्रीय कायदा. तो ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. अंमलबजावणी मुख्यत्वे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे.

पूर्वपीठिका : जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक केले. १९४७ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या निर्यातीस परवाना आवश्यक ठरवला. त्या कायद्याची जागा १९७२ च्या अधिनियमाने घेतली.

प्रमुख तरतुदी : किमान १०० वर्षे जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. दिवंगत कलावंतांच्या निवडक कृती सरकार ‘कलानिधी’ म्हणून जाहीर करते. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस आदींच्या कृती त्यांत येतात. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. देशात त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. दगडी व धातूच्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वस्तूंची छायाचित्रांसह नोंदणी करणे मालकावर बंधनकारक आहे. बेकायदा निर्यातीस सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे.

आंतरराष्ट्रीय बाजू : वस्तू एकदा सीमेपार गेली की भारतीय कायद्याचा हात तोकडा पडतो. तेथे युनेस्कोचा १९७० चा करार उपयोगी पडतो. भारत १९७७ मध्ये त्यात सामील झाला. मात्र चोरीची वस्तू परत मागताना ती मूळ संस्थेच्या दप्तरी नोंदलेली असावी, अशी या कराराची अट आहे. अमेरिकेशी भारताने जुलै २०२४ मध्ये स्वतंत्र करार केला.

न्यायालयीन लढाईचे ठळक उदाहरण पत्तूरच्या नटराजाचे आहे. तामिळनाडूतील या गावी १९७६ मध्ये जमिनीत सापडलेली मूर्ती लंडनला पोहोचली. उद्ध्वस्त मंदिरालाही विधिक व्यक्ती म्हणून दावा करता येतो, हे तेथील अपील न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केले आणि मूर्ती भारतात परतली.

श्रीपुरंदान (जि. अरियलूर, तामिळनाडू) येथील चोळकालीन नटराजाची कथा नोंदीचे मोल दाखवते. बंद पडलेल्या मंदिरातून चोरलेली ही मूर्ती बनावट कागदपत्रांच्या आधारे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना घेतली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने मंदिरातच काढलेली जुनी छायाचित्रे त्या मूर्तीशी जुळली आणि कागदपत्रांचा बनाव उघडा पडला. सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती परत मिळाली.

मूल्यमापन : तस्करीतील नफ्याच्या मानाने तीन वर्षांची कमाल शिक्षा फारच सौम्य आहे. त्याहून मोठी उणीव नोंदींची आहे. गावोगावच्या देवळांतील असंख्य मूर्तींचे एकही छायाचित्र नाही, मापे कुठे लिहिलेली नाहीत. अशी मूर्ती परदेशी लिलावात दिसली तरी ती आपली हे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून प्रत्येक देवस्थानाने आपल्या मूर्तींची छायाचित्रे, मापे व ओळखीच्या खुणा आजच नोंदवून ठेवणे, हा या कायद्याला बळ देण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.