कुलूप, किल्ली आणि तबकडी

गेल्या दिवाळीच्या सुटींत अमेरिकेंत स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला, तेव्हां त्यानें मजसाठीं एका जुन्या चित्रपटाची ब्लू-रे तबकडी आणिली होती. तबकडी राजरोस दुकानांतून, पुरे दाम देऊन घेतलेली; तिचें वेष्टनही त्यानें माझ्यासमोरच फोडलें. आम्ही ती मोठ्या उत्सुकतेनें यंत्रांत सरकविली, आणि पडद्यावर चित्राऐवजीं एक ओळ उमटली : ही तबकडी या प्रदेशासाठीं नाहीं. तो बिचारा ओशाळला. “सर, चुकलंच माझं, आधी बघायला हवं होतं,” असें म्हणूं लागला. वास्तविक चूक त्याची नव्हती व माझीही नव्हती. या तबकड्या करणारांनीं पृथ्वीचे तीन भाग कल्पिले आहेत. अमेरिका व जपान पहिल्यांत, युरोप दुसऱ्यांत व हिंदुस्थान तिसऱ्यांत. एका भागाची म्हणून विकलेली तबकडी दुसऱ्या भागांतील यंत्रानें चालवावयाची नाहीं, असा दंडक आहे. ज्या वस्तूचा मी धनी, ती माझ्यापासूनच कोणीं व कां राखून ठेवावी, हा प्रश्न त्या रात्रीं मनांत घर करून बसला. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास गेल्या पन्नास वर्षांचा एक चमत्कारिक इतिहास हातीं लागतो. तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

या इतिहासाचा आरंभ तबकडीपासून होत नाहीं, फितीपासून होतो. इ. स. १९७५ मध्यें जपानच्या सोनी कंपनीनें बीटामॅक्स नांवाचें यंत्र बाजारांत आणिलें. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरच्या घरीं फितीवर उतरवून घ्यावा व सवडीनें पाहावा, अशी त्यांत सोय होती. पुढच्याच वर्षीं युनिव्हर्सल व डिस्ने या दोन चित्रपटसंस्थांनीं सोनीवर कॅलिफोर्नियांत फिर्याद गुदरली. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रत करण्याचें यंत्र विकणें म्हणजे चोरास पहार विकण्यासारखेंच आहे. इ. स. १९८२ मध्यें चित्रपटसंस्थांचे धुरीण जॅक व्हॅलेंटी यांनीं अमेरिकन विधिमंडळाच्या समितीपुढें साक्ष देतांना या निरुपद्रवी यंत्राची तुलना एकाकी स्त्रियांचे गळे घोटणाऱ्या एका कुप्रसिद्ध खुन्याशीं केली! अखेर १७ जानेवारी १९८४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, मागाहून पाहण्यासाठीं घरीं प्रत उतरवून घेणें हा गुन्हा नव्हे. यांतील मौज अशी कीं, ज्या फितीनें आपला गळा घोटला जाईल अशी भीति चित्रपटवाल्यांस वाटत होती, तीच पुढें त्यांच्या मिळकतीचें एक मोठें साधन बनली.

या खटल्यांत सोनी ही ग्राहकाच्या बाजूनें उभी होती, हें ध्यानांत ठेवावें. कारण पांचच वर्षांनीं, इ. स. १९८९ मध्यें, त्याच सोनीनें कोलंबिया ही चित्रपटसंस्था विकत घेतली. प्रत करण्याचें यंत्र विकणारा आतां प्रतींस भिणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसला. माणसाचीं मतें त्याच्या मालमत्तेप्रमाणें बदलतात, हा सिद्धान्त कंपन्यांसही लागू पडतो, याचें याहून ठळक उदाहरण क्वचित् सांपडेल.

फितीच्या काळीं एक नैसर्गिक बंधन होतें. प्रतीची प्रत आणि तिची प्रत केली, कीं चित्र पुसट होत जाई. परंतु आंकड्यांच्या रूपानें सांठविलेल्या चित्राची शंभरावी प्रतही पहिल्याइतकीच चोख असते. म्हणून इ. स. १९९६ मध्यें जपानांत डीव्हीडी अवतरली, तेव्हां निसर्गाचें बंधन सुटलें त्या जागीं कृत्रिम कुलूप घालण्यांत आलें. तबकडीवरील मजकूर गुप्त संकेतांत लिहावयाचा. तो उलगडण्याच्या किल्ल्या, करार करून अटी पाळणाऱ्या यंत्रकारांसच द्यावयाच्या. व त्यांनीं त्या यंत्राच्या पोटांत दडवून ठेवावयाच्या, अशी ही योजना. शिवाय इ. स. १९९८ मध्यें अमेरिकेनें असा कायदा केला कीं, असलें कुलूप उघडण्याचें साधन पुरविणें हाच स्वतंत्र अपराध समजावा.

हें कुलूप तीन वर्षेंही टिकलें नाहीं. किल्ली अवघ्या ४० बिटांची, आणि एका संगणकीय चालक-प्रणालीच्या कर्त्यांनीं ती नीट दडविलीही नव्हती. इ. स. १९९९ च्या ऑक्टोबरांत तें कुलूप उघडणारी एक छोटी प्रणाली जगभर पसरली. तिच्या कर्त्यांपैकीं योन योहान्सेन हा नॉर्वेंतील मुलगा पंधरा वर्षांचा होता. आपल्या लिनक्स संगणकावर स्वतःच्या तबकड्या पाहतां याव्या, एवढाच आपला हेतु, असें त्याचें म्हणणें. नॉर्वेंत त्याच्यावर खटला झाला. इ. स. २००३ च्या जानेवारींत तो निर्दोष सुटला, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वरिष्ठ न्यायालयानेंही तोच निर्णय कायम केला. विकत घेतलेली वस्तु उघडणें ही घरफोडी नव्हे, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेंत मात्र तीच प्रणाली प्रसिद्ध करणाऱ्या एका नियतकालिकास न्यायालयानें इ. स. २००० मध्यें मनाई केली. एकच कृत्य एका देशांत निरपराध आणि दुसऱ्यांत निषिद्ध ठरलें!

इकडे विज्ञान पुढें जातच होतें. तबकडीवरील खुणा प्रकाशकिरणानें वाचावयाच्या असतात. किरणाची लहर जितकी आंखूड, तितक्या खुणा बारीक व दाट घालतां येतात. डीव्हीडीचा तांबडा किरण ६५० नॅनोमीटर लहरीचा. नव्या निळ्या-जांभळ्या किरणाची लहर ४०५ नॅनोमीटर. त्याच्या बळावर जुन्या तबकडींत जेथें ४.७ गिगाबाइट मजकूर मावे, तेथें कितीतरी पट अधिक मावूं लागला, व चित्र पूर्वीपेक्षां अनेक पटींनीं रेखीव झालें. परंतु या एकाच किरणाचे दोन पंथ झाले. सोनी, मात्सुशिता आदि नऊ कंपन्यांनीं इ. स. २००२ च्या फेब्रुवारींत ब्लू-रेची घोषणा केली. तोशिबा व एनईसी यांनीं एचडी-डीव्हीडीचा पुरस्कार केला. ब्लू-रेच्या खुणा पृष्ठभागाखालीं अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, म्हणून एका थरांत २५ गिगाबाइट, एचडी-डीव्हीडीच्या ०.६ मिलिमीटरवर, म्हणून १५. पण दुसरी तबकडी जुन्याच कारखान्यांत थोड्या फेरफारानें निघे, हा तिचा गुण. इ. स. २००५ मध्यें समेटाचीं बोलणीं झालीं व फिसकटलीं. पुढच्या वर्षीं दोन्ही तबकड्या बाजारांत आल्या. आणि एकीची यंत्रें दुसरीस वाचीनात, म्हणून ग्राहक हात आंखडून बसला.

येथें एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हे दोन पक्ष खुणांच्या खोलीवरून भांडले, नांवावरून भांडले. पण कुलुपाविषयीं त्यांचें एकमत होतें. एएसीएस नांवाचें हें नवें कुलूप आठ कंपन्यांनीं मिळून घडविलें, आणि त्या आठांत सोनी व तोशिबा शेजारीं शेजारीं होत्या. ग्राहकासाठीं एक तबकडी करणें ज्यांस जमलें नाहीं, त्यांस ग्राहकाविरुद्ध एक कुलूप करणें मात्र सहज जमलें.

हें कुलूप खरोखरच कसबी होतें. किल्ली आतां १२८ बिटांची. शिवाय किल्ल्यावरचा परवलीचा शब्द शत्रूस कळला, कीं किल्लेदार तो बदलतो. तद्वत् एखाद्या यंत्राची किल्ली फुटली, तर पुढील तबकड्या त्या किल्लीस दाद देणार नाहींत, अशी व्यवस्था होती. असें असूनही इ. स. २००६ च्या डिसेंबरांत, म्हणजे पहिलें यंत्र विकलें गेल्यास वर्षही झालें नव्हतें तोंच, टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका गृहस्थानें तबकडी उघडून दाखविली. त्याची तक्रार ऐकून मला माझीच आठवण झाली. विकत घेतलेली तबकडी त्याच्या पडद्यावर उमटेना, कारण तो पडदा कुलूपवाल्यांच्या अटींत बसत नव्हता! इ. स. २००७ च्या फेब्रुवारींत दुसऱ्या एकानें संगणकाच्या स्मृतींतून अशी एक किल्ली हुडकली, कीं तोंवर निघालेल्या दोन्ही पंथांच्या तबकड्या तिनें उघडाव्या. ही किल्ली म्हणजे काय, तर केवळ एक संख्या. संगणकाच्या सोळांच्या मोजणींत लिहिली तर बत्तीस अंकांची. कुलूपवाल्यांच्या वकिलांनीं ती संख्या छापणारांस नोटिसा धाडल्या. १ मे २००७ रोजीं डिग नांवाच्या वृत्तस्थळानें ती काढून टाकतांच वाचकांनीं बंड करून तीच संख्या हजारों वेळां पुनः लिहिली. त्याच रात्रीं चालकांनीं हात टेकले. लोकांनीं ती सदऱ्यांवर छापली, कोणीं तिला चाल लावून गाइली. संख्येवर कोणाचा मालकी हक्क असूं शकतो काय, हा तर्कशास्त्राच्या वर्गांत शोभणारा प्रश्न त्या दिवशीं बाजारांत उभा राहिला.

तबकड्यांचें युद्ध मात्र लवकरच संपलें. ४ जानेवारी २००८ रोजीं वॉर्नर या मोठ्या चित्रपटसंस्थेनें आपण ब्लू-रेसच चिकटणार असें जाहीर केलें, आणि १९ फेब्रुवारीस तोशिबानें माघार घेतली. सोनीच्या खेळयंत्रांत ब्लू-रे घरोघर पोंचली होती, हें जयाचें एक कारण. पण कुलुपाचाही त्यांत अंश होता. ब्लू-रेनें एएसीएसवर आणखी एक अडसर घालूं दिला होता, आणि फॉक्स ही संस्था त्या बाजूस झुकली त्यांत या अधिक बंदोबस्ताचा वांटा होता. तो जादा अडसरही पुढें थोड्याच महिन्यांत निखळला.

कोणी म्हणेल, “मग काय, चोरांस मोकळीक द्यावी?” आक्षेप रास्त आहे. एका चित्रपटामागें शेंकडों माणसांचे श्रम असतात. मुंबईच्या पदपथांवर चोरट्या तबकड्यांचे ढीग आपण सर्वांनीं पाहिले आहेत, आणि त्यांतली कवडीही कलावंतास मिळत नसे. ग्रंथकारास त्याच्या ग्रंथाचें फळ मिळावें, असें म्हणणारांपैकींच मी आहें. परंतु येथें कुलुपाच्या मुळांतच एक विसंगति आहे. तिजोरीचें कुलूप चोरास बाहेर ठेवितें, कारण किल्ली धन्याच्या कमरेस असते. येथें तबकडी ज्यास विकावयाची, त्याच्याच घरांत यंत्राच्या पोटीं किल्लीही धाडावी लागते. नाहीं तर चित्र दिसणार कसें? ज्यास किल्ली द्यावयाची त्याच्याचपासून ती लपवावयाची, हा खटाटोप फार काळ टिकणें शक्य नव्हतें. चोरास एकदांच कुलूप फोडावें लागतें. पुढच्या लाखों चोरट्या प्रतींना कुलूप नसतें. कुलूप राहतें तें फक्त पैसे मोजणाऱ्याच्या तबकडीवर.

पुढील अनुभवही असाच आहे. इ. स. २०१६ मध्यें आणखी रेखीव चित्राची तबकडी निघाली. ती संगणकावर पाहण्यास इंटेलच्या प्रोसेसरांतील एक विशिष्ट बंदिस्त कप्पा सक्तीचा केला गेला. कांहीं वर्षांनीं इंटेलनें आपल्या घरगुती प्रोसेसरांतून तो कप्पाच काढून टाकिला. नवा, अधिक सामर्थ्यवान् संगणक घेणारास आतां त्यावर ती तबकडी कायदेशीर मार्गानें पाहतां येत नाहीं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास याहून मोठी चिंता निराळीच आहे. चित्रपटाचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्यानें साठ वर्षांनीं संपतो व कृति सर्वांची होते. पण कुलुपास मुदत नाहीं. कायद्यानें मोकळी झालेली कृति कुलुपांत बंदिस्तच राहील, आणि तें उघडणारीं यंत्रें तर बंद पडत चाललीं आहेत. इ. स. १९३१ मध्यें मुंबईस प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची आज एकही प्रत नाहीं. त्यास कोणीं चोरलें नाहीं. पुरेशा प्रती राहिल्या नाहींत म्हणून तो गेला. उलट ज्ञानेश्वरीच्या प्रती गांवोगांव झाल्या होत्या. म्हणूनच शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांस त्या ताडून शुद्ध पाठ सिद्ध करितां आला. नकलकारांनीं पाठ बिघडविला हें खरें. पण ग्रंथ वांचविला तोही त्यांनींच.

आपल्या कायद्यानें या बाबतींत अमेरिकेहून अधिक विवेक दाखविला, हें नमूद केलें पाहिजे. इ. स. २०१२ च्या दुरुस्तीनें कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली, पण हक्कभंगाचा हेतु असेल तरच. कायद्यानें स्पष्ट मना न केलेल्या कामासाठीं कुलूप उघडण्यास आडकाठी ठेविली नाहीं. अमेरिकेंत मात्र अशा सवलती दर तीन वर्षांनीं नव्यानें मागाव्या लागतात. चित्रपट शिकविणाऱ्या प्राध्यापकांस वर्गांत उतारे दाखविण्याकरितां तशी सवलत इ. स. २००६ मध्यें मिळाली. शिक्षकानें पाठ्यपुस्तक उघडण्यासाठीं परवाना काढावा, तशांतलाच हा प्रकार.

आज तबकडीचाच काळ सरत आला आहे. घरीं भरून घ्यावयाच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन सोनीनें इ. स. २०२५ च्या फेब्रुवारींत थांबविलें. चित्रपट आतां तारेवाटे येतो. पाहावयास मिळतो, पण जवळ राहत नाहीं. तेथें कुलूप फोडण्याचा प्रश्नच उरला नाहीं, कारण घरांत कुलूपबंद अशी वस्तुच नाहीं. जुन्या तबकडीशीं निदान भांडतां तरी येत होतें.

माझ्या विद्यार्थ्यानें आणलेली ती तबकडी अद्याप माझ्या कपाटांत, पुस्तकांच्या रांगेंत उभी आहे. तिच्या शेजारीं माझ्या आजोबांनीं स्वहस्तें नकलून घेतलेली एक पोथी आहे. कागद पिवळा पडला, कडा कुरतडल्या गेल्या. पण ती वाचावयास मला अजून कोणाची परवानगी लागत नाहीं.