पंचम ते आदि

‘गहू, ज्वारी, बाजरी आदी’ असं लिहिताना आपण ‘आदी’ला यादीच्या शेपटीला बसवतो. नावं घ्यायचा कंटाळा आला की उरलेल्यांना त्यात कोंबायचं. हाच शब्द समासात पुढे आला की ऱ्हस्व होतो आणि त्याला मान चढतो: आदिमाया, आदिपुरुष. हैदराबादचे दलित पुढारी भाग्यरेड्डी वर्मा (१८८८–१९३९) यांना आपल्या समाजाच्या नावात हवा होता तो हा पुढचा ‘आदि’.

१९१७ साली बेजवाड्यात (आजच्या विजयवाड्यात) अस्पृश्यांची परिषद भरली ती ‘पंचम’ या नावाने. पंचम म्हणजे चार वर्ण मोजून झाल्यावर उरलेला पाचवा. गाण्यात पंचम अचल स्वर, षड्जाच्या जोडीचा. गावात मात्र त्याची जागा वेशीबाहेर. अध्यक्षस्थानी बसलेल्या वर्मांनी नावालाच हरकत घेतली आणि परिषद ‘आदि-आंध्र’ झाली. पुढे हैदराबादेत त्यांनी ‘आदि-हिंदू’ हे नाव रुजवलं. तेलुगू, मराठी, कानडी अशा सगळ्यांच्या त्या संस्थानात नुसतं ‘आंध्र’ अपुरंच पडलं असतं. यातला ‘हिंदू’ म्हणजे या भूमीचा रहिवासी आणि ‘आदि’ म्हणजे इथला आधीपासूनचा. निजामाच्या राज्यातल्या १९३१च्या जनगणनेत हे नाव दाखल झालं. त्याच सुमारास वर्मांनी ‘भाग्यनगर’ पत्रिका काढली. नाव शहराचं, त्यात संपादकाचंही अर्धं नाव आलं, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. अस्पृश्य मुलांसाठी शाळा चालवण्याचं त्यांचं काम त्याआधीपासून, १९१० पासून, इसामिया बाजार आणि लिंगमपल्लीत सुरू होतं. सरकारदरबारी उर्दू, पण या शाळांत शिकवणं तेलुगूत.

नावातून हक्क सांगण्याची ही धडपड अमेरिकेतही आधी झाली होती. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल कॉर्निश या कृष्णवर्णीय संपादकाने १८३७ साली आपल्या पत्राचं नाव बदलून ‘कलर्ड अमेरिकन’ केलं आणि ते का, यावर अग्रलेखच लिहिला. रोख ‘अमेरिकन’वर होता: आम्ही इथलेच. ‘आदि’ही तेच बजावतो. आंबेडकरांनी नेमकी उलटी वाट धरली. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७): अन्याय झाकायचा नाही, मथळ्यावरच मांडायचा. मूळ रहिवासी आणि आर्य आक्रमक हा वंशाचा सिद्धान्तही त्यांनी पुढे खोडून काढला. मला मथळे त्यांचे जास्त धारदार वाटतात. पण पोराला शाळेत घालताना बापाने सांगायला ‘बहिष्कृत’पेक्षा ‘आदि-हिंदू’ सोपं गेलं असेल.

जातीचं नाव टाकून द्यायला काढलेला ‘आदि-आंध्र’ आज अनुसूचित जातींच्या सरकारी यादीत एक जात म्हणून नोंदलेला आहे.