लॉर्ड रॅले : कुलाचा मान आणि तराजूचा कांटा

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरीं सुखानें नांदत नाहींत, असा आपल्याकडे जुना समज आहे, आणि अनुभवहि पुष्कळदां त्यास दुजोरा देतो. वडिलोपार्जित जमीनजुमला आणि पदवी लाभलेल्या घरांतील मुलगा शिकारीच्या नादीं लागला, तर कोणास नवल वाटत नाहीं. तोच मुलगा काचेच्या गोलकांत वायु भरून त्याचें वजन महिनोन् महिने करीत बसला, तर मात्र घरचीं माणसें चिंतेंत पडतात. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील एका सरदारघराण्यांत असाच प्रकार घडला. त्या मुलाचें नांव जॉन विल्यम स्ट्रट. पुढें जग त्यांस लॉर्ड रॅले ह्या नांवानें ओळखूं लागलें. त्यांच्या चरित्रांत शोधांची जंत्री मोठी आहे. परंतु कुलाचा मान विद्येच्या कामीं कोठवर उपयोगी पडतो आणि कोठें तो मुळींच उपयोगी पडत नाहीं, हा प्रश्न त्यांत पुनःपुन्हा उभा राहतो. त्या दृष्टीनें हें चरित्र पाहण्याचें येथें योजिलें आहे.

रॅले ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजीं एसेक्स परगण्यांत झाला. घराण्याची पदवी फार जुनी नव्हती. १८२१ सालीं ती प्रथम त्यांच्या आजीस मिळाली होती. मुलाची प्रकृति नाजूक. ईटन आणि हॅरो ह्या दोन्ही नामांकित शाळांत त्यांचें शिक्षण फार दिवस टिकलें नाहीं, आणि बरेंचसें विद्यार्जन एका खासगी शिक्षकाकडे झालें. १८६१ मध्यें ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाले आणि १८६५ सालीं सीनियर रँग्लर झाले. ज्या मानामुळें १८९९ मध्यें रघुनाथराव परांजपे ह्यांचें नांव महाराष्ट्रांत घरोघर झालें, तोच हा मान. येथवर कोणासच तक्रार नव्हती. सरदारपुत्रानें परीक्षेंत पहिलें यावें, हें भूषणच. परंतु त्यानें शास्त्राचा व्यासंग हाच आपला जन्माचा उद्योग मानावा, हें त्या वर्गाच्या रीतीस सोडून होतें. रॅले ह्यांनीं तीच वाट धरली, आणि टर्लिंग येथील आपल्या वाड्यांतच प्रयोगशाळा मांडली. तेथील उपकरणें साधीं, पुष्कळशीं हातानें जुळविलेलीं असत. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांस त्यांचें आश्चर्य वाटे.

१८७१ हें साल त्यांच्या आयुष्यांत दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं त्यांचा विवाह एव्हेलिन बाल्फोर ह्यांच्याशीं झाला; ह्यांचे बंधु आर्थर बाल्फोर पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले. त्याच वर्षीं आकाश निळें कां दिसतें, ह्या लहान मुलाच्या प्रश्नाचें गणितशुद्ध उत्तर रॅले ह्यांनीं दिलें. प्रकाश अति सूक्ष्म कणांवर आदळला म्हणजे चहूंकडे विखुरतो; परंतु सगळे रंग सारखे विखुरत नाहींत. लहरीची लांबी जितकी कमी, तितकें विखुरणें अधिक, आणि तेंहि चौथ्या घाताच्या प्रमाणांत. लाल रंगाची लहर निळ्याच्या दीडपट लांब धरली, तर निळा प्रकाश लालाच्या सुमारें पांचपट विखुरतो. म्हणून माथ्यावरचें आकाश निळें, आणि मावळतीचा सूर्य, ज्याचा निळा भाग वाटेंतच विखुरून गेलेला असतो, तो तांबडा.

पुढच्याच वर्षीं संधिवाताच्या ज्वरानें त्यांस अंथरुणास खिळविलें. प्रकृति सुधारावी म्हणून ते ईजिप्तला गेले, आणि नाईल नदींत नौकेवर राहत असतां ध्वनिशास्त्रावरील ग्रंथास त्यांनीं आरंभ केला. ‘थिअरी ऑफ साउंड’ हा त्यांचा ग्रंथ १८७७–७८ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध झाला, आणि त्या विषयाचा तो आधारग्रंथ ठरला. १८७३ सालीं वडील वारल्यामुळें पदवी आणि सुमारें सात हजार एकर जमीन त्यांच्याकडे आली होती. ते शेतीकडे दुर्लक्ष करणारे नव्हते. परंतु एका माणसाच्यानें दोन संसार होत नाहींत, हें ओळखून १८७६ मध्यें त्यांनीं सारी व्यवस्था धाकट्या भावाच्या हातीं सोंपविली.

१८७९ सालीं क्लार्क मॅक्सवेल अकालीं वारले, आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचें प्राध्यापकपद रिकामें झालें. लॉर्डानें पगारी प्राध्यापक व्हावें, ही गोष्ट त्या काळीं चमत्कारिकच. परंतु त्या वेळीं इंग्लंडांत शेतीस मंदी आली होती आणि जमिनीचें उत्पन्न घटलें होतें, हेंहि पद पत्करण्याचें एक कारण होतें. त्या पांच वर्षांत त्यांनीं विद्युन्मापनाचीं एककें नव्यानें तपासलीं. विजेच्या विरोधाचें जें माप तोंवर प्रमाण म्हणून चाललें होतें, तें खऱ्या ओहमपेक्षां सुमारें १.३ टक्के कमी असल्याचें त्यांनीं दाखविलें. ह्या कामीं त्यांची मेहुणी एलिनॉर सिज्विक ह्या त्यांच्या सहकारी होत्या. १८८२ पासून प्रयोगशाळेचे वर्ग स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें खुले झाले. ज्या विद्यापीठानें स्त्रियांस पूर्ण पदवी देण्यास पुढें १९४८ साल उजाडूं दिलें, तेथें ही गोष्ट लहान म्हणतां येणार नाहीं.

१८८४ मध्यें रॅले टर्लिंगला परतले. त्यांच्या कीर्तीचा कळस झालेला शोध ह्यानंतरचा. वायूंच्या घनता अगदीं बिनचूक मोजाव्या, असा त्यांचा संकल्प होता. त्यांनीं नत्रवायु दोन रीतींनीं मिळविला : एक हवेंतून प्राणवायु काढून टाकून, आणि दुसरा अमोनियापासून. दोहोंच्या वजनांत सुमारें सहस्रांशाचा फरक पडूं लागला. दुसऱ्या कोणी हा हाताचा दोष मानून दोन आंकड्यांची सरासरी काढली असती. रॅले ह्यांनीं उलटें केलें. अमोनियाच्या रीतींतहि कांहीं नत्रवायु हवेंतून येत होता. तो अजीबात वगळून त्यांनीं प्रयोग पुन्हा केला. तेव्हां फरक मिटण्याऐवजीं वाढला, आणि सुमारें दोनशेंव्या भागावर येऊन ठेपला. एकाच गोलकांत हवेंतील नत्रवायु सुमारें २.३१ ग्रॅम भरे आणि रासायनिक नत्रवायु सुमारें २.३० ग्रॅम. हें कोडें त्यांनीं १८९२ सालींच ‘नेचर’ पत्रांत उघडपणें मांडलें होतें, आणि रसायनशास्त्रज्ञांस त्याचा उलगडा विचारला. आपणांस कळलें नाहीं, हें चार लोकांत सांगण्यास त्यांस संकोच वाटला नाहीं.

ह्याच कोड्याचा पूर्वींचा एक धागा आणखी एका सरदारपुत्राच्या हातीं येऊन सुटला होता. डेव्हनशायरच्या ड्यूकांचे वंशज हेन्री कॅव्हेंडिश ह्यांनीं १७८५ सालीं हवेंत विजेच्या ठिणग्या पाडून सारा नत्रवायु शोषून घेतला, तेव्हां एक लहानसा बुडबुडा शेष राहिला. तो मूळ नत्रवायूच्या १२० व्या भागाहून अधिक नाहीं, असें त्यांनीं नमूद केलें. त्या बुडबुड्याकडे शंभर वर्षें कोणी फिरून पाहिलें नाहीं. रॅले ह्यांनीं कॅव्हेंडिशची रीत अवलंबिली, विल्यम रॅम्से ह्यांनीं तापलेल्या मॅग्नेशियमची. आणि ऑगस्ट १८९४ मध्यें ऑक्सफर्ड येथें दोघांनीं मिळून नव्या वायूची वार्ता जाहीर केली. तो कशाशींच संयोग पावेना, म्हणून आळशी ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास आर्गॉन हें नांव मिळालें. हवेच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग ह्या वायूचा आहे. तो प्रत्येक श्वासाबरोबर आंत जात असतां कोणाच्या ध्यानीं आला नव्हता. १९०४ सालीं रॅले ह्यांस पदार्थविज्ञानाचें आणि रॅम्से ह्यांस रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपली रक्कम रॅले ह्यांनीं केंब्रिज विद्यापीठास देऊन टाकली.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. वायूंवरील ह्या प्रयोगांच्याच काळांत, रॉयल सोसायटीचे चिटणीस असतां, १८९१ मध्यें रॅले ह्यांस दप्तरांत एक जुना निबंध सांपडला. त्याचा संबंध थेट आपल्या मुंबईशीं पोंचतो. त्याचे लेखक जॉन जेम्स वॉटरस्टन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक उमेदवारांस मुंबईंत शिकविणारे एक स्कॉच शिक्षक. वायूचे रेणू सर्व दिशांस धांवत असतात, त्यांच्या आघातांमुळें दाब उत्पन्न होतो, आणि उष्णमान त्यांच्या वेगाच्या वर्गाशीं प्रमाणांत असतें, असें त्यांनीं १८४५ सालींच लिहून लंडनला पाठविलें होतें. परीक्षकांपैकीं एकानें तो निबंध निरर्थक ठरविला. तो छापला गेला नाहीं, आणि वॉटरस्टन ह्यांच्याजवळ त्याची नक्कलहि नव्हती. तेच सिद्धान्त पुढें क्लॉसियस आणि मॅक्सवेल ह्यांनीं स्वतंत्रपणें मांडले. वॉटरस्टन १८८३ सालीं एडिंबरोंत एके दिवशीं घराबाहेर पडले, ते परतलेच नाहींत. रॅले ह्यांनीं तो निबंध स्वतःची प्रस्तावना जोडून सोसायटीकडून छापविला, आणि ह्या दुर्लक्षामुळें शास्त्राची प्रगति किती वर्षें मागें पडली, हें निःसंकोचपणें सांगितलें. त्याच प्रस्तावनेंत त्यांनीं अप्रसिद्ध तरुणांस असाहि सल्ला दिला, कीं मोठी झेप घेण्यापूर्वीं लहान, सहज पारखतां येईल अशा कामानें आधीं नांव मिळवावें. सल्ला व्यवहारी खरा. पण तो वाचतांना मन थोडें विषण्ण होतें.

नांवाचा महिमा रॅले ह्यांस अनुभवानेंहि ठाऊक होता. एकदां ब्रिटिश असोसिएशनकडे पाठविलेल्या त्यांच्या निबंधावरील नांव गळालें. समितीनें तो कोणा विक्षिप्ताचा म्हणून बाजूस सारला. लेखक कोण हें कळतांच त्याच निबंधांत गुण दिसूं लागले! ही हकीकत त्यांच्या शास्त्रज्ञ पुत्रानेंच लिहिलेल्या चरित्रांत आहे. मुंबईच्या शिक्षकाच्या निबंधावर नांव होतें, पण त्या नांवास वजन नव्हतें. एवढाच काय तो फरक.

परंतु निसर्गापुढें नांवाचें वजन चालत नाहीं, आणि रॅले ह्यांस हें मान्य होतें. दार्जिलिंगच्या हॉटेलापुढील गच्चीवरून दूरचें एव्हरेस्ट पाहतांना मनांत घोळलेला विचार त्यांनीं १८९९ च्या निबंधांत तडीस नेला, आणि आकाशाच्या निळेपणास धूळ लागत नाहीं, हवेचे रेणूच पुरे होतात, अशी आपल्या मूळ उपपत्तीस दुरुस्ती केली. समुद्राचा निळा रंग हें आकाशाचें प्रतिबिंब, हें त्यांचें मत मात्र टिकलें नाहीं. १९२१ सालीं विलायतेहून परततांना चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनीं बोटीवरून निकोलच्या लोलकानें तें प्रतिबिंब वगळून पाहिलें, तों समुद्र निळाच राहिला! तें खंडन त्यांनीं मुंबई बंदरांतूनच ‘नेचर’ कडे धाडलें. ज्या मुंबईंतून गेलेला एक निबंध लंडनच्या दप्तरांत धूळ खात पडला, तिच्याच बंदरांतून निघालेलें हें पत्र मात्र छापलें गेलें.

रॅले ३० जून १९१९ रोजीं टर्लिंग येथेंच वारले. मागें ४४६ निबंध राहिले. पैसा, फुरसत आणि घरची प्रयोगशाळा ह्या साऱ्या गोष्टी त्यांस जन्मानें मिळाल्या होत्या, हें विसरतां येत नाहीं. त्या मिळालेले सरदार इंग्लंडांत शेंकड्यांनीं होते. शतांश ग्रॅमासाठीं झोंप गमावणारा त्यांत विरळाच. आणि दुसऱ्याचा टाकलेला कागद उचलून त्यावरची धूळ झटकणारा त्याहूनहि विरळा. आपल्या शाळाकॉलेजांतून, कचेऱ्यांतून असे किती कागद नांवाच्या अभावीं पडून असतील, ह्याचा विचार रॅले ह्यांचें चरित्र वाचणाऱ्यानें अवश्य करावा.