फाईल आपल्या पिशवीत ठेवा

सकाळची पनवेल–सीएसएमटी लोकल बघा. एक्स-रेची मोठी पाकिटं मांडीवर घेऊन बसलेली माणसं हमखास दिसतात. कोणी महाडचं, कोणी पेणचं. बहुतेकांचा पत्ता एकच, परळचं टाटा.

आमचे काकाही त्यातलेच. एसटीत कंडक्टर होते, विडी कधी ओढली नाही. खोकला हटेना म्हणून एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरीही. पाच महिने गेले, वजन उतरतच राहिलं. आपल्याकडे हे नवीन नाही. फुप्फुसाचा कॅन्सर आणि टीबी दोन्हींत खोकला, रक्त, वजन घटणं. एक्स-रेवरचा डागही फसवतो. शेवटी काकाच म्हणाले, "गुण येत नाही, तर रोग तोच कशावरून?" बायोप्सी झाली आणि उत्तर मिळालं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून आधीच्या हॉस्पिटलात कागद मागायला गेलो. काउंटरवर ऐकलं, "फाईल आमची असते." आयुष्यभर वेबिलाचा हिशेब चोख ठेवलेला माणूस तो. म्हणाला, "आजार माझा, मग कागद तुमचे कसे?"

हा प्रश्न जुना आहे. 1931 साली मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल उभं राहिलं. उपचाराची सोय झाली, पण रुग्णाने प्रश्न विचारायचा हक्क यायला पुढे अर्धशतक लागलं. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. 1996 मध्ये रघुनाथ रहेजा खटल्यात आपल्याच मुंबई हायकोर्टाने सांगितलं, रुग्णाचे कागद रुग्णाला द्यायलाच हवेत. 2002 च्या नियमांनी मुदत घातली: मागितल्यापासून 72 तास. 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, नीट समजावून न सांगता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. आणि 2021 पासून महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दुसरं मत घेण्याचा हक्क त्यातच येतो.

काकांनी साध्या कागदावर अर्ज लिहिला, पोच घेतली. तिसऱ्या दिवशी फाईल हातात.

2002 पासून टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक आपल्या खारघरला आहे. पनवेलहून तिसरं स्टेशन. पण दारात हॉस्पिटल असून भागत नाही, तोंडात प्रश्न लागतो. कॅन्सर कोणत्या प्रकारचा? कितव्या टप्प्यात? जनुकांची तपासणी केली का? विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत ही तपासणी फार महत्त्वाची, कारण तिच्यावरून कधी कधी केमोऐवजी गोळ्या चालतात. काकांच्या त्या सुरू आहेत. कॅन्सर गेलेला नाही, पण संध्याकाळी वडाळे तळ्यावर फेरी मारतात.

पुढच्या वेळी हॉस्पिटलात जाल तेव्हा ती सनद भिंतीवर आहे का बघा. नसेल तर विचारा. भांडायचं नाही, फक्त विचारायचं. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.