पानांतली खाण

जर्मनीतील आखेन शहराच्या आसपास जस्ताच्या जुन्या खाणी होत्या. खनिज उपसल्यावर उरलेल्या, साधे गवतही धड न उगवणाऱ्या त्या जमिनीवर पिवळ्या फुलांचे एक व्हायोलेट मात्र जोमाने वाढे. फुले दिसली की खाली जस्त असणार, हा तिथला जुना ठोकताळा. 1885 साली बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाने तिथल्या वनस्पतींचे रासायनिक पृथक्करण केले. मोहरीच्या कुळातल्या थ्लास्पी नावाच्या एका बुटक्या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांत त्याला एक टक्क्याहून अधिक जस्त सापडले. एरवी पानांत दहा लाख भागांमागे शंभर भाग जस्त म्हणजे डोक्यावरून पाणी!

पुढची मोठी नोंद 1948 मधली. फ्लॉरेन्सजवळच्या टेकड्यांवर, सर्पेंटाइन या निकेलयुक्त खडकावर उगवणाऱ्या अ‍ॅलिसम बर्तोलोनीच्या पानांत मिंगुत्सी आणि व्हेर्न्यानो यांना सुमारे एक टक्का निकेल मिळाले. गंमत अशी की हीच वनस्पती विशिष्ट काळ्या खडकांवरच वाढते, हे चेसाल्पिनो या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1583 सालीच लिहून ठेवले होते. निरीक्षण अचूक होते. त्याचे कारण समजायला साडेतीनशेहून अधिक वर्षे जावी लागली.

1976 साली न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातल्या बेटावरून तर अविश्वसनीय वाटावी अशी बातमी आली. तिथल्या सेबर्टिया अ‍ॅक्युमिनाटा (आताचे नाव पिकनँड्रा) या झाडाच्या सालीला खाच पाडली की निळसर हिरवा चीक गळतो. जाफ्रे, ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुकवून तपासला, तर त्यात सुमारे 26 टक्के निकेल! त्याच बेटावर ज्या खनिजासाठी डोंगर खरवडले जातात, त्यात निकेल असते एक ते तीन टक्के. झाडात हे निकेल मुख्यतः सायट्रेटशी, म्हणजे लिंबातल्या आम्लाच्या रेणूशी, बांधलेले असते. त्यामुळे पेशींना त्याचा अपाय होत नाही.

न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या रॉबर्ट ब्रुक्स यांनी मग अशी झाडे शोधायला जंगलात न जाता कपाटे उघडली. वनस्पतिसंग्रहांत चिकटवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या पानांचा नखाएवढा तुकडा मागवायचा आणि त्यातले निकेल मोजायचे. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत डायमिथिल ग्लायॉक्झिमने येणारा निकेलचा लालचुटुक साका शिक्षकांना आठवत असेल. याच अभिकर्मकात बुडवून वाळवलेल्या कागदावर अशा झाडाचे पान चुरडले तरी गुलाबी-तांबडा डाग उमटतो. रानात पटकन चाचपणी करायला ही युक्ती आजही वापरतात.

झाडे धातू साठवतात, तर त्यांची शेतीच का करू नये? ही कल्पना अमेरिकेतल्या रूफस चेनी यांनी 1983 मध्ये मांडली. 1995 साली निक्स आणि चेंबर्स यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध केले. ते होते हेक्टरी सुमारे 100 किलो निकेल. आकडा आकर्षक आहे, पण थोडा भागाकार करून पाहू. वर्षाला 10 हजार टन निकेल हवे, तर एक लाख हेक्टर जमीन लागेल, आणि तीही निकेलयुक्त. खाणीला हा पर्याय आहे असे आम्हाला वाटत नाही. शिवाय नफ्याच्या घाईत काय होते, हे ओरेगन राज्यात दिसले. तिथे एका कंपनीने लावलेले युरोपातले अ‍ॅलिसम शेताबाहेर पसरले. दुर्मीळ स्थानिक वनस्पतींच्या जागेत ते घुसले, आणि शेवटी सरकारला त्याची नोंद उपद्रवी तण म्हणून करावी लागली.

फ्रान्समध्ये मॉन्पेलिए इथल्या क्लोद ग्रिझों या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ बाईंनी प्रश्नच बदलला. सँ-लोराँ-ल-मिनिए या गावाजवळच्या बंद पडलेल्या जस्ताच्या खाणीवर त्यांनी लावली ती बाउमानचीच वनस्पती, आता नोकिया या नव्या नावाने. जमीन स्वच्छ करू पाहणाऱ्यांचे घोडे नेहमी एकाच ठिकाणी अडे: धातूने भरलेल्या पानांचे करायचे काय? पुरली तर विष पुन्हा मातीत. ग्रिझों यांनी पाने जाळून राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली. मिळाले झिंक क्लोराइड, सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाचे क्षार. आता एखाद्याने जस्त शुद्ध करायला घेतले असते. त्यांनी ते मिश्रण तसेच मातीच्या खनिजावर बसवून उत्प्रेरक म्हणून वापरले. सेंद्रिय रसायनात कार्बनी साखळ्या जोडताना झिंक क्लोराइड पूर्वीपासून लागतेच. इथे ते पानातून आले एवढेच. उत्प्रेरक लागतो थोडा आणि त्याची किंमत असते जास्त, म्हणून इथे एक लाख हेक्टरांचा हिशेब आड येत नाही. 2022 मध्ये त्यांना संशोधन विभागातला युरोपियन संशोधक पुरस्कार मिळाला.

तरीही 'हरित' हा शब्द वापरताना आम्ही जरा थांबतो. हीच वनस्पती जस्ताबरोबर कॅडमियमही शोषून घेते. म्हणजे राखेतले कॅडमियम कुठे गेले, हे प्रत्येक वेळी मोजावे लागणार. आम्ल आणि भट्टीचे इंधनही जमाखर्चात धरायला हवे.

मलेशियातल्या सबाह प्रांतात निकेल साठवणारी फिलँथस वर्गातली, म्हणजे आपल्या आवळ्याच्या गोतातली, एक झुडुपवजा जाती सापडली. 2018 साली तिला चेनी यांचे नाव देण्यात आले. हिच्या फांद्या छाटल्या की नवे धुमारे फुटतात. दरवर्षी पेरणी नको. तिच्या चाचणीची शेते तिथल्या डोंगराळ भागात लावली गेली आहेत.