सूर एक, यंत्रे अनेक

संगीताचा इतिहास सांगताना आपण गायकांची घराणी सांगतो. वाद्ये घडविणाऱ्यांनी आपसांत केलेल्या करारांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. आज आम्ही अशा एका कराराची, आणि तसा करार नसल्यामुळे झालेल्या अडचणीची हकीकत सांगणार आहोत.

१९८०च्या सुमारास विजेवर चालणारी स्वरवाद्ये, म्हणजे सिंथेसायझर, पुष्कळ झाली होती; परंतु एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहजी जुळत नसे. तेव्हा अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रदर्शनात दोघांची वाद्ये एका तारेने जोडून वाजविण्यात आली. हाच तो 'मिडी' संकेत. तो वापरण्यास कोणी मोबदला मागितला नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, अशा गोष्टी मिडी सांगतो. नाद तो नेत नाही. भातखंडे यांच्या स्वरलिपीत बंदिश उतरते, गवयाचा गळा उतरत नाही, तसेच हे.

पुढे वाद्येच संगणकात शिरली. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये 'व्हीएसटी' ही पद्धत आणली आणि कालांतराने सिंथेसायझर हा एक प्रोग्रॅम होऊन बसला. येथेच नवी सीमा उभी राहिली. प्रोग्रॅमला खिडकी काढायची असो की फाइल उघडायची असो, ते काम ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागावे लागते. आणि विंडोज, मॅक व लिनक्स यांच्याकडे मागण्याची भाषा निरनिराळी आहे.

या सीमेचा चटका २००२ मध्ये बसला. जर्मनीतील इमॅजिक कंपनी अ‍ॅपलने विकत घेतली आणि तिच्या 'लॉजिक' या प्रोग्रॅमची विंडोज आवृत्ती बंद केली. विंडोजवर काम करणाऱ्या संगीतकारांनी जुन्याच आवृत्तीवर अडून राहावे, संगणक बदलावा, किंवा नवा प्रोग्रॅम शिकावा! मिडीतले स्वर बाहेर काढता येत होते. परंतु नादाची बसवलेली घडी मागे राहत होती.

लिनक्सच्या मंडळींनी निराळी वाट धरली. १९९३ मध्ये त्यांनी 'वाइन' नावाचा दुभाषी रचण्यास घेतला. विंडोजच्या भाषेतील मागणी तो लिनक्सला समजावतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००८ मध्ये निघाली, म्हणजे पंधरा वर्षे लागली. संगीतात तर दुभाष्याची कसोटीच लागते. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १२८ नमुन्यांचा एक घास धरला, तर प्रत्येक घास तीन मिलिसेकंदांच्या आत तयार हवा. उशीर झाला की आवाजात खट्ट होते. म्हणून दुभाषी कामास येतो, परंतु तो सामाईक भाषेची जागा घेऊ शकत नाही.

ही जाणीव आता वाढली आहे. २०२२ मध्ये बर्लिनच्या दोन कंपन्यांनी 'क्लॅप' ही पद्धत सर्वांस मोकळी करून दिली.

१९८३ चे मिडी वाद्य आजच्या संगणकासही जोडता येते. २००२ च्या अनेक रचना मात्र ज्या प्रोग्रॅमात जन्मल्या त्यातच अडकल्या. म्हणून आमचे संगीतकारांस एवढेच सांगणे आहे की, स्वर मिडीत आणि नाद साध्या ध्वनिफितीच्या फाइलींत वेगळा जपून ठेवावा. यंत्राचा मालक बदलेल, पण गाणे आपले राहिले पाहिजे.