विरल मृदा, टाकाऊतून प्राप्ती
कोळशाची राख, खाणीतले आम्लयुक्त पाणी, ॲल्युमिना कारखान्यांतला लाल चिखल अशा टाकाऊ पदार्थांतून विरल मृदा मूलद्रव्ये मिळवण्याच्या प्रक्रिया. पंधरा लँथॅनाइडे आणि त्यांच्याच पंगतीला बसवलेली स्कँडियम व इट्रियम मिळून ही मूलद्रव्ये १७ होतात. त्यांपैकी निओडिमियम आणि डिस्प्रोशियम यांना विशेष मागणी आहे, कारण विजेवरच्या गाड्या आणि पवनचक्क्यांतले जोरकस चुंबक त्यांच्यावर अवलंबून असतात.

इतिहास : कोळशाच्या राखेत दुर्मिळ मूलद्रव्ये एकवटतात, हे व्हिक्टर गोल्डश्मिट या भूरसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच दाखवले होते. राखेतून पुढे जर्मेनियम काढले गेले, पण विरल मृदांकडे फारसे कोणी फिरकले नाही. चीनचा माल स्वस्त होता, तोवर राख उपसण्याचे कारणही नव्हते. २०१० मध्ये चीन-जपान वादात पुरवठा अडला आणि भाव भडकले. २०१४ पासून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कोळसा व त्याच्या अवशेषांवर स्वतंत्र संशोधन कार्यक्रम चालवला. या विषयावरचे बरेचसे लेखन त्यातूनच आलेले असल्याने प्रस्तुत नोंदीचा तोलही तिकडे झुकलेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मध्यम व जड विरल मृदांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला.

उडती राख : ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकी वीजकेंद्रांच्या राखेची तुलना प्रसिद्ध केली. ॲपलेशियन कोळशाच्या राखेत टनामागे सरासरी ५९१ ग्रॅम, इलिनॉयच्या राखेत ४०३ ग्रॅम आणि पावडर रिव्हर खोऱ्यातल्या राखेत ३३७ ग्रॅम विरल मृदा आढळल्या. कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाणीच्या खनिजात हेच प्रमाण टनामागे ६० ते ८० किलो असते. म्हणजे राख शंभरपटीहून गरीब. मात्र तिच्यासाठी खाण खोदावी लागत नाही, ती दळावीही लागत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत साचलेल्या राखेत १ कोटी १० लाख टनांपर्यंत विरल मृदा आहेत, म्हणजे त्या देशाच्या ज्ञात साठ्यांच्या जवळपास आठपट. बातम्यांचे मथळे याच आकड्याने सजले. पण असणे वेगळे आणि हाती येणे वेगळे.

भट्टीच्या तापमानाला कोळशातली माती वितळते आणि थंड होताना तिची काच बनते. विरल मृदा त्या ॲल्युमिनोसिलिकेट काचेत अडकून पडतात आणि साधे आम्ल तिथवर पोहोचत नाही. ड्यूकच्या चाचण्यांत नायट्रिक आम्लाने ॲपलेशियन राखेतून सुमारे ३० टक्केच विरल मृदा सुटल्या, तर पावडर रिव्हरच्या राखेतून ७० टक्क्यांपर्यंत. मूळ प्रमाणात मागे असलेली राख इथे बाजी मारते, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर असते आणि तिची काच आम्लात लवकर विरते. म्हणून राखेचा कस तिच्यातल्या प्रमाणावरून नव्हे, तर तिच्या काचेवरून ठरवावा.

काच फोडण्यासाठी राख कॉस्टिक सोड्याबरोबर भाजतात, मग आम्लात मुरवतात, लोह व ॲल्युमिनियम बाजूला काढतात आणि शेवटी ऑक्झॅलिक आम्लाने विरल मृदांचा साका खाली बसवतात. राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०२२ मध्ये निराळी वाट दाखवली. त्यांनी कार्बन मिसळलेल्या राखेतून विजेचा झटका दिला, तिला सुमारे सेकंदभर ३,००० अंश सेल्सियसपर्यंत तापवले आणि मग सौम्य आम्ल वापरले. मोठ्या प्रमाणावरच्या किफायतशीरपणाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही.

खाणीतले आम्लयुक्त पाणी : बंद पडलेल्या कोळसा खाणींत पायराइटचा हवा-पाण्याशी संयोग होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते खडकातल्या विरल मृदा आपोआप विरघळवते. चुना घालून या पाण्याचे उदासिनीकरण तसेही करावेच लागते. त्या वेळी बसणाऱ्या गाळात या मूलद्रव्यांचा, विशेषतः जड मूलद्रव्यांचा, वाटा चांगला असतो. पॉल झिएमकिविच यांच्या पुढाकाराने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने माउंट स्टॉर्म येथे असे प्रायोगिक केंद्र उभारले आहे. नदी स्वच्छ करण्याचा खर्च इथे आधीच हिशेबात धरलेला असतो, त्यामुळे या मार्गाचे गणित राखेपेक्षा सोपे बसते.

लाल चिखल : बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा क्षारीय गाळ. त्यातले मुख्य आकर्षण स्कँडियम.

फॉस्फोजिप्सम : फॉस्फेट खनिजावर आम्लप्रक्रिया केल्यावर उरणारा टाकाऊ पदार्थ. त्याच्या दक्षिण आफ्रिकेतील फालाबोर्वा येथील ढिगाऱ्यांवर काम चालू आहे.

भारत : भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के, त्यामुळे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशा विदर्भातल्या वीजकेंद्रांभोवती कच्च्या मालाचा तुटवडा नाही. ॲल्युमिनियमविषयक संशोधन करणाऱ्या नागपूरच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रात लाल चिखलाचाही अभ्यास होतो. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेत राख, लाल चिखल व खाणीतल्या टाकाऊ मालातून खनिजे मिळवण्याच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी १०० कोटी रुपयांची तरतूद आहे. या प्रकल्पांना प्रतिस्पर्धी मात्र घरचेच आहेत. देशातली पुष्कळ राख सिमेंट व विटांत जाते, आणि एकदा काँक्रीटमध्ये गेलेल्या विरल मृदा परत काढण्याचा व्यवहार्य मार्ग आज उपलब्ध नाही.